घशातला दोर

दाढ काढून झाली, तिची जखम भरली, तरी दुखणं होतं तिथंच राहिलं. डावीकडे, जबड्याच्या कोपऱ्याखाली, गिळताना काटा टोचावा तसं. माशाचा काटा अडकलाय म्हणावं तर घरात श्रावण चालू होता. वर्षभर मी हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, मान शेकली, उशी बदलली. आठवीच्या वर्गावर सलग दोन तास झाले की कळ कानापर्यंत जायची. ज्यांनी दाढ काढली त्यांनी “आता बरं वाटेल” म्हणून दोनदा सांगितलं आणि दोनदा पैसे घेतले. शेवटी पुण्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हातमोजा घातलेलं बोट तोंडात घालून टॉन्सिलच्या मागे एका ठिकाणी दाबलं, आणि मी खुर्चीतून अर्धी उठले.

“सापडलं,” ते म्हणाले. इतक्या समाधानानं, की मला त्यांचा राग आला.

मग सीटी स्कॅन. संगणकावर माझीच कवटी गोल गोल फिरवत डॉक्टरांनी दाखवलं: कानाच्या खाली प्रत्येकाच्या कवटीला सुईसारखं एक हाड असतं, साधारण अडीच सेंटिमीटर. त्याच्या टोकाला एक बारीक दोर बांधलेला असतो, अस्थिबंध. तो खाली उतरतो आणि गळ्यात, जिभेच्या बुडाशी असलेल्या हायॉइड नावाच्या इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या हाडाला मिळतो. माझा डावीकडचा दोर वरच्या बाजूनं हाडाचा झाला होता. चुना साचत साचत सुई लांबली होती आणि मान वळवली की आतून टोचत होती. वॉट ईगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३७ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव. गरुडाचा त्यात काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी आपणहून सांगितलं. बहुतेक पेशंट विचारत असावेत.

“आणि उजवीकडचा?”

“तो दोरच आहे. मस्त.”

मी हसायला लागले. डॉक्टरांना वाटलं, घाबरून हसतेय. पण मी गेली सोळा वर्षं शाळेत विज्ञान शिकवते, आणि दरवर्षी प्राण्यांचं वर्गीकरण आलं की पुस्तकात नसलेली एक गोष्ट पोरांना हमखास सांगते: मांजराच्या घशात कानापासून जिभेपर्यंत हाडांची अखंड साखळी असते, म्हणून ते घुरघुरतं. वाघाच्या घशात त्याच साखळीतली एक कडी दोराची असते, म्हणून तो डरकाळी फोडतो. म्हणजे हिशेबानं मी डावीकडून मांजर झाले होते आणि उजवीकडून वाघ.

घरी येऊन हे सांगितलं. अण्णा, माझे सासरे, ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “मग इथून पुढं डावीकडूनच बोलत जा, सुनबाई.”

*

आमचं घर जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या कालव्यापासून हाकेच्या अंतरावर. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथीकडे डांबरी रस्ता. एवढं सांगितलं की पुणे जिल्ह्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. उसात वाघ आहे. पुस्तकातला बिबट्या, बोलण्यातला वाघ. खरा पट्टेदार वाघ इकडे कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे शब्द मोकळा होता, तो बिबट्याला मिळाला. उसाचं पीक वर्ष-दीड वर्ष उभं राहतं, पाणी बारमाही, गावात कुत्री, डुकरं, शेरडं. बिबट्याची मादी फडातच पिलं घालते. त्या पिलांना जंगल म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. त्यांचं माहेर ऊसच.

आणि मनी. राखाडी, पाठीवर पट्टे, साडेतीन किलोची. दुधाच्या पिशवीचा आवाज पलीकडच्या वस्तीवरून ओळखते. दुखणं जोरात होतं त्या दिवसांत ती रात्री उशीवर येऊन माझ्या डाव्या कानाला पाठ लावून झोपायची आणि घुरघुरायची. तिला काही कळत होतं वगैरे मी म्हणणार नाही. तिला ऊब हवी होती, मला गोळी घेतल्यावर जागं राहवत नव्हतं, दोघींचं जमलं.

बिबट्या मात्र दिसण्याआधी ऐकू येतो, आणि तोही क्वचित. जानेवारीतली गोष्ट. रात्रपाळीची लाईट असल्यामुळे घरचे, म्हणजे माझे मिस्टर, उसाला दारं धरायला गेलेले. मी जागी होते. अकराच्या सुमाराला कालव्याच्या अंगानं आवाज आला: खर्र... खर्र... खर्र... एकसारखा, संथ, कुणी मोठं लाकूड कापत असावं तसा. अण्णा आतल्या खोलीतून म्हणाले, “करवत लागली.”

अण्णांना हा शब्द सुचला यात नवल नव्हतं. तरुणपणी ते लाकडाच्या वखारीत कापणीला होते. तेव्हा मोठा ओंडका घोडीवर चढवून दोघं जण कापायचे, एक वर उभा, एक खाली. ती करवत जाताना एक आवाज करते आणि येताना दुसरा. “नीट ऐक,” ते मला म्हणाले. “एकाच बाजूचा न्हाई. जातो बी, येतो बी.”

मी ऐकलं. खरंच होतं. खर्र नंतर एक बारीक, आत ओढलेला ह्हं. मग पुन्हा खर्र. बिबट्या श्वास सोडताना आवाज काढत होता आणि घेतानाही काढत होता. दहा-बारा वेळा झालं आणि थांबलं. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं, इंग्रजीतही या आवाजाला करवतीचंच नाव आहे. प्राणिशास्त्रज्ञांना जे सुचलं ते जुन्नरच्या कापण्याला सुचलं होतं. आणि येण्याजाण्याचं त्यानं मला आधी सांगितलं.

*

पोरांना सांगायची ती गोष्ट मी कुठून उचलली होती, हे स्कॅननंतर पहिल्यांदा धुंडाळलं. घशात स्वतःचा मुद्दा असला की माणूस नीट वाचतो.

रिचर्ड ओवेन हे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ १८३० च्या दशकात लंडनमध्ये प्राणिसंग्रहालयात मेलेले प्राणी उघडून पाहत. मोठ्या मांजरांच्या हायॉइडची जोडणी लहान मांजरांसारखी नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे १९१६ साली रेजिनाल्ड पोकॉक यांनी त्याच हाडावर सगळ्या मार्जारकुळाची वाटणी केली. ज्यांची साखळी पूर्ण हाडाची ते एका बाजूला: रानमांजर, लिंक्स, प्यूमा. ज्यांच्या साखळीत लवचिक दोर आहे ते दुसऱ्या बाजूला: सिंह, वाघ, बिबट्या, जग्वार. पोकॉक लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक होते, आणि आपल्याकडच्या सस्तन प्राण्यांवर पुढे त्यांनी जे काम केलं, त्यासाठी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ पासून गावोगाव फिरून जमवलेली कातडी आणि कवट्या उपयोगी पडल्या.

हाडं मोजली तर मनीच्या साखळीत नऊ, बिबट्याच्या साखळीत सात. दोन्ही बाजूंची एकेक कडी त्याच्याकडे हाडाची नाही, लवचिक दोराची आहे. माणसाचाही हाच प्रकार, आपल्याकडे तर जवळजवळ सगळी साखळीच दोराची. हनुवटीखाली, घाटीच्या वर, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच धरून आवंढा गिळा. जे वर सरकून खाली येतं ते हायॉइड. ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला थेट जोडलेलं नाही, स्नायू आणि दोरांवर झोपाळ्यासारखं लटकतं. स्वरयंत्र त्याच्या खाली लोंबतं.

आता झोपाळ्याची साखळी ताणली जाणारी असेल तर काय होईल? स्वरयंत्र खाली उतरेल. सिंहाच्या बाबतीत ते मुळातच खाली असतं आणि ओरडताना छातीच्या दिशेनं आणखी खाली ओढलं जातं. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी लांब होते. सनई आणि सुंदरी शेजारी ठेवून पाहिल्या असतील तर हे सांगायला नको. सुंदरी आखूड, तिचा आवाज बारीक. सिंह ओरडायच्या क्षणी स्वतःच्या गळ्यातली सुंदरी ओढून सनई करतो. अंधारात ऐकणाऱ्याला तो आहे त्याहून मोठा वाटतो. फसवणूकच ही, पण अंगभूत.

मनीला ही सोय नाही. तिचं स्वरयंत्र हाडाच्या साखळीनं कवटीच्या जवळ टांगलेलं आहे. ती कितीही चिडली तरी तिची नळी तेवढीच.

इथपर्यंत माझी गोष्ट शाबूत होती. दोर आणि हाड. मी खूश होते.

*

मग हिमबिबट्या आडवा आला.

लडाख-स्पितीच्या कड्यांवरचा हा प्राणी. त्याच्या घशात दोर आहे. माझ्या हिशेबानं त्यानं डरकाळी फोडायला हवी. तो फोडत नाही. तो विव्हळल्यासारखी लांब हाक मारतो, फुरफुरतो, गुरगुरतो, फिस्कारतो, पण सिंह-वाघांची ती गर्जना त्याला येत नाही. कितीतरी वर्षं त्याला त्यापायी वाघ-सिंहांच्या गटाबाहेर वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. पुढे डीएनए तपासले तेव्हा निघालं की तो वाघाचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. आता त्याला घरात घेतलंय.

१९८९ साली माल्कम हास्ट या शास्त्रज्ञाने गर्जणाऱ्या आणि न गर्जणाऱ्या मांजरांची स्वरयंत्रं शेजारी शेजारी उघडून पाहिली. सिंह, वाघ, बिबट्या आणि जग्वार यांच्या स्वररज्जूंच्या पुढच्या भागात तंतुमय, लवचिक ऊतींची जाडजूड गादी होती. हिमबिबट्याकडे ती नव्हती. म्हणजे दोर होता, गादी नव्हती, आणि गर्जनाही नव्हती. दोराचं महत्त्व एकदम निम्म्यावर आलं.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं वाघ-सिंहांच्या स्वररज्जू ताणून, कापून, मोजून पाहिल्या. बहुतेक प्राण्यांच्या स्वररज्जू आत येताना निमुळत्या होतात, आडवा छेद घेतला तर त्रिकोण. वाघ-सिंहांच्या चौकोनी, सपाट. आत चरबीचा थर. या सपाट, मऊ पडद्यांना थरथरायला फुप्फुसातून फार जोराची हवा लागत नाही. सिंहाचा आवाज एक मीटरवर ११४ डेसिबलपर्यंत जातो, आणि त्यासाठी त्याला आपण समजतो तेवढं पेटावं लागत नाही. घसा त्याच बेतानं शिवलेला आहे.

मला हे फार आवडलं आणि थोडं लागलंही. सोळा वर्षं मी बेंबीच्या देठापासून ओरडते तेव्हा कुठे मागच्या बाकापर्यंत आवाज पोचतो.

आवाज खालचा का, याचं उत्तरही गादीतच. जड, सैल तार सावकाश हलते. तानपुऱ्याची खर्जाची तार जाड असते ती त्यासाठीच. नळीची लांबी आवाजाला भरदारपणा देते, पण पट्टी स्वररज्जूच ठरवतात. आणि खर्ज लांब जातो: झाडं, ऊस, पाचट यांत बारीक आवाज अडकून मरतो, जाड आवाज पार होतो. सिंहाची गर्जना सात-आठ किलोमीटरपर्यंत ऐकू येते म्हणतात.

*

घुरघुरण्याची कथा याहून गंमतीची.

आधी शब्दाचं. मराठीत आपण मांजराला घुरघुरायला लावतो आणि कुत्र्याला गुरगुरायला, पण बोलता बोलता दोन्ही एकमेकांत मिसळतात. कितीतरी घरांत मांजरही लाडानं गुरगुरतं. वाघिणीचं दूध प्यालेला तर गुरगुरतोच, असं आपण शिक्षणाच्या बाबतीत म्हणतो. तो डरकाळी फोडेल असं म्हणत नाही. मला तो शब्द नेहमी नेमका वाटतो. गुरगुरणं तोंड मिटूनही करता येतं.

मांजर घुरघुरतं कसं, यावर बरीच वर्षं एक उत्तर प्रमाण होतं: मेंदू स्वरयंत्राच्या स्नायूंना सेकंदाला वीस-तीस वेळा आखडण्याचा हुकूम देतो, त्यानं हवा तुकड्या-तुकड्यानं जाते, आणि ती घुरघुर. म्हणजे मांजर एकेक थरथर स्वतः करतं. २०२३ साली व्हिएन्नाच्या ख्रिस्तियान हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला धक्का दिला. असाध्य आजारामुळे दयामरण दिलेल्या आठ पाळीव मांजरांची स्वरयंत्रं, मालकांच्या संमतीनं, त्यांनी काढून घेतली आणि त्यांतून ऊबदार, दमट हवा सोडली. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, स्नायू आखडायला कुणी नाही. आणि टेबलावरचं ते मांजराचं स्वरयंत्र घुरघुरलं. सेकंदाला पंचवीस ते तीस थरथरी.

हे वाचलं त्या रात्री मनीला उशीवर येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलं.

कारण काय निघालं? पुन्हा गादीच. मांजराच्या स्वररज्जूंच्या आत चार मिलिमीटरपर्यंतच्या तंतुमय गाद्या आहेत. त्या स्वररज्जूंना जड करतात, म्हणून साडेतीन किलोचा जीव एवढ्या खालच्या पट्टीत बोलू शकतो. माझा बोलण्याचा आवाज सेकंदाला दोनशेच्या आसपास थरथरींचा, घरच्यांचा शंभर-सव्वाशे. आमच्या घरात सगळ्यात खालचा खर्ज लावते ती मनी. काही तज्ज्ञांनी यावर लगेच हरकत घेतली: जिवंत मांजरात स्नायूंचा हातभार नसतोच असं यावरून सिद्ध होत नाही. बरोबर आहे. टेबलावरचं स्वरयंत्र मेंदूची गरज नाही एवढं सांगतं; मेंदू काही करत नाही असं सांगत नाही.

पण माझ्या शाळेतल्या गोष्टीचं यात काय राहिलं बघा. मी सांगत होते, हाड म्हणजे घुरघुर आणि दोर म्हणजे डरकाळी. निघालं असं की घुरघुरीच्या मुळाशी गादी आणि डरकाळीच्याही मुळाशी गादी. एकाच शिंप्यानं एकीकडे उशी शिवली आणि दुसरीकडे गिरदी. हाड आणि दोर आहेत, त्यांचं काम आहे, पण ते टांगण्याचं.

आता फेरफार करून शिकवते. पोरांना पूर्वीची गोष्ट जास्त आवडायची, हे मला कळतं.

*

मांजर वाघाची मावशी. तिनं वाघाला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढणं राखून ठेवलं, हे आपण लहानपणी ऐकलेलं. बिबट्याला ही गोष्ट कुणी सांगितलेली दिसत नाही. तो शेरडू तोंडात धरून आंब्यावर चढतो. मावशीनं घुरघुरणंही राखून ठेवलं असं मी वर्गात जोडून द्यायचे, आणि तिथं मला एक पोरगा हमखास अडवायचा: “बाई, मग चित्ता?”

चित्ता घुरघुरतो. चांगला मोठा, माणसाच्या वजनाचा प्राणी, आणि घरच्या मांजरासारखा श्वास घेतानाही आणि सोडतानाही घुरघुरतो. त्याच्या साखळीत दोर नाही. डरकाळी त्याला येतच नाही. पिलांना किंवा जोडीदाराला हाक मारायची तर तो चक्क चिवचिवतो, डोळे मिटून ऐकलं तर पाखरू वाटावं. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आणलेले चित्ते कुनोला सोडले, त्यानंतर त्यांच्या चिवचिवाटाचे व्हिडिओ मोबाईलवर फिरले आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत “हे डबिंग केलेलं असणार” यावर एकमत झालं.

कोल्हापूरच्या जुन्या लोकांना तरी हे नवं वाटायला नको होतं. संस्थानात हरणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, बैलगाडीतून माळावर नेत. हिंदुस्थानातले मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता, शेजारी त्याला सांभाळणारा. त्या माणसांच्या कानाला चित्त्याची घुरघुर रोजची असणार, माझ्या कानाला मनीची असते तशी. ती कुणी लिहून ठेवली असती तर!

प्यूमा हा अमेरिकेतला, बिबट्याएवढा, पण घुरघुरणाऱ्यांतला. त्या बाजूचा सगळ्यात मोठा. मीलनाच्या काळात तो अशी किंकाळी फोडतो की ऐकणाऱ्याला बाईमाणूस संकटात सापडलंय असं वाटतं. आणि वाघाला जवळिकीसाठी घुरघुरता येत नाही, म्हणून त्याच्याकडे तिसरीच युक्ती आहे. ती मी पाहिली. सहलीला पोरांना घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. खाणं घालणारा माणूस जाळीजवळ आला तशी वाघीण उठली, तोंड मिटलेलं, मान थोडी वर, आणि नाकातून फुर्र-फुर्र-फुर्र असा मऊ, तुटक आवाज. घोडा नाक फुरफुरवतो ना, त्याचा धाकटा भाऊ. तो माणूसही परत तसंच फुरफुरला. चाळीस पोरं त्या क्षणी गप्प झाली, सोळा वर्षांत मला जे जमलेलं नाही ते. वाघ, जग्वार आणि हिमबिबट्या असं फुरफुरतात. सिंह आणि बिबट्या फुरफुरत नाहीत. का, याला दोर किंवा हाड यांपैकी कुणीही उत्तर देत नाही.

आणि ज्यांचा आवाज ऐकायला कुणीच नव्हतं त्यांचं काय? लॉस एंजेलिसच्या डांबराच्या डबक्यांत हिमयुगातले खंजीरदाती मार्जार, स्मायलोडॉन, रुतून मेले. त्यांची हायॉइडची हाडं सापडली आहेत. संख्या पाहिली तर गर्जणाऱ्यांसारखी, सात. पण २०२३ मध्ये त्यांचा आकार तपासला तेव्हा तो बराचसा घुरघुरणाऱ्यांच्या हाडांसारखा निघाला. चित्रपटांत त्याला बिनधास्त गर्जायला लावतात. माझं मत विचाराल तर त्याला थोडं घुरघुरू द्यावं.

*

आमच्या करवतीकडे परत येते, कारण बाकी सगळं वाचनातलं आणि ही मागच्या फडातली.

आवाज झाला की वस्तीवर काय होतं ते ठरलेलं आहे. कुणीतरी डबा बडवतं, कुणी फटाका लावतं, मोबाईलवर “वाघ आलाय, बाहेर पडू नका” फिरतं, आणि दुसऱ्या दिवशी “काल वाघ लय चिडला होता” असं सांगितलं जातं. चिडला होता. मीही तसंच समजत होते. या भागात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत; ज्यांच्या दारातनं मूल गेलं त्यांना आवाजाचं शास्त्र सांगायला मी जाणार नाही. पण शिकारीवर असलेला बिबट्या आवाज करत नाही. त्याचा सगळा धंदाच न कळण्याचा. करवत चालवतो तेव्हा तो दुसऱ्या बिबट्यांना सांगत असतो: मी इथं आहे. नर असेल तर दुसऱ्या नरानं बाजूनं जावं, मादी असेल तर नरानं यावं. आम्ही त्या निरोपात कुठंच नसतो. डबा बडवणाऱ्यानं भांडण म्हणून ऐकलं ते पत्ता सांगणं होतं.

सिंहिणी तर अशा निरोपांतली माणसं मोजतात. म्हणजे सिंहिणी मोजतात. १९९४ साली कॅरन मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी सेरेंगेटीत ध्वनिक्षेपक लावून परक्या सिंहिणींच्या गर्जना ऐकवल्या. एकीचाच आवाज असेल तर कळप पुढे यायचा. तिघींचा असेल तर आपण किती आहोत ते पाहून पाऊल टाकायचा. याच मॅकोम्बबाईंनी पंधरा वर्षांनी पाळीव मांजरांच्या घुरघुरीवर काम केलं, आणि तेही स्वतःच्या घरच्या मांजरामुळे, जे रोज सकाळी त्यांना उठवायचं. खायला मागताना मांजर खर्जातल्या घुरघुरीत एक बारीक रडका सूर मिसळतं. मांजर न पाळलेल्या लोकांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली. मनीचं हे मला आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्याला पुरावा म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ऊसतोड चालू असताना मागच्या फडात पाचटात तीन पिलं सापडली. “वाघाची पिलं!” तोडणी थांबली, कोयते खाली ठेवले गेले. मला शाळेतून बोलावलं, जसं काही मी त्यांना ओळखणार होते. मुठीत मावतील एवढी, अंगावर ठिपके, आणि आवाज अगदी बारीक, चाकाला तेल नसल्यासारखा. वनखात्याची माणसं आली, एकानं पाहिलं आणि हसला. वाघाटी होती. जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, मोठी होऊन दीड किलोची होते. क्रेटमध्ये ठेवून पिलं त्याच जागी सोडली, आई रात्री येऊन एकेक करून घेऊन गेली. त्या एकाच फडात मग तीन आवाज राहत होते, असं मला नंतर वाटत राहिलं. वाघाटीचा, बिबट्याचा, आणि उंदरासाठी तिकडे जाणाऱ्या आमच्या मनीचा.

*

माझ्या दोराचं काय? डॉक्टर म्हणाले, त्रास फार झाला तर काढता येईल, नाही तर मान जपा, तोंड फार वासू नका. मी म्हटलं, मी शिक्षिका आहे. ते म्हणाले, मग माईक लावा. शाळेनं दिला नाही, मी स्वतःच घेतला, कमरेला बांधायचा, भाजीवाले वापरतात तसला. दुखणं निम्म्यावर आलंय.

अण्णांना हल्ली ऐकू येत नाही. मोबाईलची रिंग नाही, दाराची कडी नाही, नातवंडांचं तर अजिबात नाही. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, खालचे टिकतात. मी चहा घेऊन शेजारी उभी राहून दोनदा हाक मारते तेव्हा कुठे मान वळते.

परवा रात्री जेवणं होऊन ओट्यावर बसलो होतो. लाईट गेलेली. मनी त्यांच्या मांडीवर, घुरघुरत. मी म्हटलं, “अण्णा, आत चला, गार पडलंय.” नाही ऐकलं. पुन्हा म्हटलं. नाहीच. मग एकदम मनीची घुरघुर थांबली, तिचे कान कालव्याकडे वळले, आणि त्याच वेळी अण्णांनी एक बोट वर केलं. मला काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

“लागली,” ते म्हणाले. “दोघं हायेत. एक अल्याड, एक पल्याड.”

मी बॅटरी घेतली आणि शेरडांच्या खोपटाची कडी लावायला गेले.